ऐंशी टक्क्यांचा गोंधळ

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या व्याख्यानमालांत आणि शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक वाद अधूनमधून उकळी खातो. एक बाजू सांगते, ज्याला शास्त्रज्ञ ‘जंक डीएनए’ म्हणून हिणवत होते त्यातला ऐंशी टक्के भाग उपयोगी असल्याचं २०१२ साली सिद्ध झालं. निसर्गात फुकट काही नसतं, डार्विनचं दुकान बंद. दुसरी बाजू तितक्याच तावातावानं सांगते, माणसाच्या डीएनएतला जेमतेम दीड टक्का प्रथिनं बनवायच्या कामी येतो, बाकी सगळा कचरा. एवढा कचरा कुठल्या शहाण्या निर्मात्यानं ठेवला असता? टाळ्या दोघांनाही मिळतात. हिशेब दोघांचाही चुकलेला असतो.

माझं म्हणणं असं. माणूस, गाय अशा बऱ्याच पृष्ठवंशी प्राण्यांच्या जीनोममधला, म्हणजे पेशीतल्या सगळ्या डीएनएमधला, मोठा हिस्सा ट्रान्सपोझॉननी, म्हणजे स्वतःच्या प्रती काढून किंवा जागा बदलून पसरणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांनी, व्यापलेला आहे. तो तिथं आहे कारण त्याला पसरता येतं. शरीराला गरज होती म्हणून त्याला कुणी आणून बसवलेलं नाही. त्यातले मोजके तुकडे पुढे कामाला जुंपले गेले, आणि त्यांपैकी काही इतके मोलाचे ठरले की ते नसते तर आपण जन्मलोच नसतो. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत आणि एकानं दुसरं खोडलं जात नाही. एवढं मान्य केलं तर वरचा वाद बराचसा निकाली निघतो. मान्य होत नाही, कारण दोन्ही पक्षांना जीनोमशी फारसं देणंघेणं नाही. त्यांचं भांडण देवाशी किंवा देवासाठी आहे. २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हा अठराशेहून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. अशा वेळी उत्क्रांतीच्या बाजूनं बोलणाऱ्यानं तरी आकडे नीट मांडायला हवेत.

तर आधी आकडे. मानवी जीनोम साधारण ३०० कोटी बेसचा, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा. २००१ साली त्याचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला, तेव्हा ४५ टक्क्यांच्या आसपास भाग ट्रान्सपोझॉनचा निघाला. त्यात एल-वन नावाच्या घटकाचा वाटा सुमारे १७ टक्के, प्रती पाच लाखांच्या घरात. अलू हा जेमतेम ३०० बेसचा तुकडा, पण प्रती दहा लाखांहून जास्त, वाटा दहा टक्क्यांच्या वर. जुन्या रेट्रोव्हायरसांचे, म्हणजे आपली प्रत पेशीच्या डीएनएत घुसवणाऱ्या विषाणूंचे, अवशेष आठेक टक्के. आता एल-वन पसरतो कसा ते बघा, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. सहा हजार बेसच्या पूर्ण एल-वनमध्ये दोन प्रथिनांची कृती असते. त्याची आरएनए प्रत निघते, प्रथिनं तयार होतात आणि त्याच आरएनएला चिकटतात. त्यातलं एक प्रथिन डीएनएचा एक धागा कापतं, शक्यतो जिथं टी बेसची रांग असते तिथं. आरएनएच्या शेपटाकडची ए बेसची रांग त्या टोकाला जुळते आणि तिथून उलटी नक्कल सुरू होते, आरएनएवरून डीएनए. ही नक्कल बहुतेक वेळा अर्ध्यात तुटते. शेपटाकडून सुरुवात असल्यामुळे शेपूट वाचतं आणि डोकं गळतं. म्हणून पाच लाखांपैकी बहुतेक प्रती बिनडोकाच्या, पुन्हा कधीही न हलणाऱ्या. एका माणसात आज हलू शकतील अशा एल-वन प्रती ऐंशी ते शंभर. अलूला स्वतःचं प्रथिनही नाही. तो एल-वनचं यंत्र वापरून फुकटात पसरतो. असल्या पाच लाख मोडक्या प्रतींत ‘योजना’ शोधायची कुठे?

ऐंशी टक्केवाल्यांची बाजू मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये जीनोमचा कुठला भाग काय काम करतो हे शोधणाऱ्या एन्कोड प्रकल्पाचे तीस लेख एकाच वेळी आले आणि ८०.४ टक्के जीनोमला ‘जैवरासायनिक कार्य’ आहे असं त्यांत खरोखरच छापलेलं होतं. शास्त्रज्ञांनी लिहिलेलं, नामांकित नियतकालिकांत आलेलं. सामान्य वाचकानं विश्वास ठेवला तर त्याचं काय चुकलं? चूक मोजमापाच्या निकषात होती. १४७ प्रकारच्या पेशींपैकी एकात जरी त्या तुकड्यावरून आरएनए निघालेला दिसला, एखादं प्रथिन तिथं बसलेलं दिसलं किंवा तशी रासायनिक खूण सापडली, तरी तो तुकडा ‘कार्यरत’ धरला गेला. त्यातल्या कितीतरी पेशी कर्करोगाच्या होत्या, आणि कर्करोगी पेशींत ट्रान्सपोझॉनना गप्प ठेवणारे मिथाइल या रासायनिक खुणेचे लगाम ढिले झालेले असतात. शिवाय प्रथिन बसलं म्हणजे काम झालं असं नाही. २०१३ साली उंदराच्या डोळ्यातल्या दृष्टिपटलावर केलेल्या प्रयोगात जीनोममधल्या तुकड्यांबरोबर बेस कसेही जुळवून बनवलेले कृत्रिम तुकडेही तपासले गेले. त्यांतल्या पुष्कळांनी जनुकाची पातळी हलवून दाखवली. ज्या निकषावर निरर्थक डीएनएसुद्धा पास होतो, त्या निकषावर ऐंशी टक्के मिळाले याचं कौतुक किती करायचं? प्रकल्पातल्या मंडळींनीही २०१४ साली आपली भाषा बरीच सौम्य केली. ते व्हॉट्सॲपवर अजून पोचलेलं नाही.

यावर सरळ अंकगणिताची एक तपासणी आहे. प्रत्येक नवजात बाळात आईबापांत नसलेले डीएनएतले साठ-सत्तर नवे बदल असतात. जीनोमचा ऐंशी टक्के भाग बेसन् बेस जपावा लागत असता, तर त्यांतले पन्नासेक बदल हानिकारक ठरण्याची भीती होती, आणि ते पिढीगणिक निवडून काढायचे तर एका जोडप्याला होतील त्याच्या कित्येक पट मुलं व्हायला लागली असती. गंमत म्हणजे सुसुमु ओहनो यांनी १९७२ साली ‘जंक’ हा शब्द रूढ केला तो याच हिशेबावरून. ‘कळत नाही म्हणून कचरा’ असं ते म्हणाले नव्हते. लाखो वर्षं निवडीनं किती भाग जपला हे वेगळ्या वाटेनंही मोजता येतं: अनेक सस्तन प्राण्यांचे जीनोम शेजारी ठेवायचे आणि अपेक्षेपेक्षा कमी बदललेल्या जागा मोजायच्या. २४० प्रजातींच्या अशा तुलनेत २०२३ साली माणसाचा आकडा किमान १०.७ टक्के निघाला. दीड टक्क्यापेक्षा बराच जास्त, ऐंशीपेक्षा फारच कमी. ‘प्रथिनं बनवत नाही तो सगळा कचरा’ म्हणणाऱ्या पुरोगामी मित्रांनीही हा आकडा वहीत लिहून ठेवावा.

आणि कांदा? बेळगावच्या मार्केट यार्डात पोत्यानं उतरणाऱ्या कांद्याच्या प्रत्येक पेशीत माणसाच्या पाचपट डीएनए असतो. ज्याला वाटतं की आपल्या सगळ्या डीएनएला काम आहे, त्यानं कांद्याला पाचपट डीएनए कशाला लागतो ते सांगावं, ही कसोटी २००७ सालापासून मांडलेली आहे. वनस्पती नको असतील तर मासे घ्या. जपानी फुगू माशाचा जीनोम ४० कोटी बेसचा, त्यात ट्रान्सपोझॉन दहा टक्क्यांहून कमी. दक्षिण अमेरिकेतल्या फुप्फुसमाशाचा जीनोम २०२४ साली वाचून झाला: ९,१०० कोटी बेस, माणसाच्या तीसपट, आणि बहुतेक सगळा भरणा ट्रान्सपोझॉनचा. प्रथिनं बनवणारी जनुकं दोन्ही माशांत वीस हजारांच्या आसपासच. फुप्फुसमाशात ट्रान्सपोझॉनना आवरणारी यंत्रणा दुबळी झालेली दिसते. आवरणारं कुणी नाही म्हणून पसारा वाढला, हे उत्तर साधं आहे आणि पुराव्याला धरून आहे.

इथं सगळ्यात ताकदीचा आक्षेप येतो, आणि तो मांडणारे बहुधा जीवशास्त्र शिकलेले असतात. ते म्हणतात, क्रम राहू द्या, डीएनएचं नुसतं प्रमाणही कामाचं असू शकतं. जास्त डीएनए म्हणजे मोठं केंद्रक, मोठी पेशी, मंद चयापचय. सॅलॅमँडरच्या, म्हणजे बेडकाच्या शेपटीवाल्या नातलगाच्या, पेशी मोठ्या, पक्ष्यांच्या लहान. आपल्या परसातल्या कोंबडीचा जीनोम १०० कोटींच्या थोडा वर, त्यात ट्रान्सपोझॉन दहाएक टक्के. उडण्याला लागणारी धावती चयापचय क्रिया लहान पेशींना परवडते. हा संबंध खरा आहे आणि मला तो मान्य आहे. पण त्यातून सिद्ध काय होतं? प्रमाणाचा परिणाम होतो, एवढंच. अलूची ठरावीक प्रत ठरावीक जागी कशासाठी हवी, हे त्यातून निघत नाही. शिवाय जीवाश्म झालेल्या हाडांतल्या पेशींच्या पोकळ्या मोजून २००७ साली असा अंदाज निघाला की ज्या डायनोसॉर शाखेतून पक्षी आले तिचा जीनोम उड्डाणाच्या कितीतरी आधीच आक्रसला होता. म्हणजे उडण्यासाठी जीनोम छाटला, ही गोष्ट उलट्या टोकानं सांगितली जाते. आधी आक्रसला, मग उडणाऱ्यांना ते सोयीचं पडलं.

आता दुसऱ्या पक्षाकडे. सगळाच कचरा म्हणणाऱ्यांनी वारेचं, म्हणजे प्लॅसेंटाचं, उत्तर द्यावं. गर्भ आणि आई यांच्यामध्ये वारेतल्या पेशी एकमेकींत मिसळून एकसंध थर बनतो. ते मिसळणं घडवणारं प्रथिन, सिन्सिटिन, हे मुळात रेट्रोव्हायरसच्या कवचाचं प्रथिन. विषाणू त्यानं पेशीत शिरायचा. माणसातला हा शोध २००० सालचा. उंदरात असंच एक जनुक काढून टाकल्यावर गर्भ पोटातच दगावले, म्हणजे उपयोग करून-बघून सिद्ध झाला. पण बारकाईनं बघा: उंदराचं सिन्सिटिन आपल्या सिन्सिटिनचं भावंड नाही. ते वेगळ्या विषाणूकडून, वेगळ्या काळी आलेलं. रवंथ करणाऱ्या जनावरांत तिसऱ्याच विषाणूचं, कुत्र्यामांजरांच्या गटात चौथ्याच. तेच काम करायला प्रत्येक शाखेनं हाताशी आलेला निराळा विषाणू वापरला. अँटिबॉडींचे अगणित प्रकार घडवणारी रॅग जनुकंही अशीच एका प्राचीन ट्रान्सपोझॉनमधून आली, जबडा असलेल्या पृष्ठवंशींच्या पूर्वजात. त्या ट्रान्सपोझॉनचा जिवंत नातलग २०१६ साली लान्सलेट या माशासारख्या दिसणाऱ्या, कणा नसलेल्या छोट्या सागरी प्राण्यात सापडला. ही उदाहरणं भारी आहेत. संख्येनं किती? लाखो प्रतींपैकी मूठभर. लॉटरी लागलेल्या दोघांच्या मुलाखती छापून सगळी तिकिटं बक्षिसाची होती असं म्हणता येत नाही.

आणि जी लागत नाहीत त्यांची किंमत कोण मोजतं? १९८८ साली हिमोफिलिया ए असलेल्या २४० रुग्णांची तपासणी झाली. त्यांतल्या दोघांत रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर आठच्या जनुकात एल-वनची नवी प्रत घुसून बसली होती, आईबापांत नसलेली. तेव्हापासून अशी शंभराहून जास्त उदाहरणं नोंदली गेली आहेत. आपल्या पूर्वजांचं शेपूट गेलं त्यामागेही एक अलू असावा, असं २०२४ सालचं संशोधन सांगतं: टीबीएक्सटी जनुकात तो बसला, शेजारच्या जुन्या उलट्या अलूशी जुळला आणि जनुकाचा एक तुकडा गाळला जाऊ लागला. उंदरात हीच रचना केली तर शेपूट आखूड होतं किंवा जातं, पण काही पिल्लांच्या मज्जारज्जूत दोषही येतो. शरीर या घुसखोरांना कसं वागवतं तेही बघण्यासारखं आहे. माणसात डीएनएला चिकटणारी साडेतीनशेहून अधिक झिंक-फिंगर प्रथिनं मुख्यतः त्यांना गप्प बसवण्यासाठी आहेत. वृषणात आणि बीजांडकोशात पीआय-आरएनए नावाच्या छोट्या आरएनएंची वेगळी फौज आहे, आणि उंदराच्या नरात ती बंद पाडली की एल-वन मोकाट सुटतो व नर वांझ होतो. सेवकांवर एवढा पहारा कोण बसवतं?

मूळ आणि सध्याचं काम या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात, हे बेळगावकरांना तरी पटायला हरकत नाही. किल्ल्यातल्या सफा मशिदीत दोन खांबांवर बाराव्या-तेराव्या शतकातले लेख कोरलेले आहेत, मशिदीच्या कितीतरी आधीचे. खांब आज छत पेलतो, हे खरं. तो त्या छतासाठी घडवलेला नव्हता, हेही खरं. आणि दोन खांब छत पेलतात म्हणून खंदकात पडलेला प्रत्येक चिरा काहीतरी पेलत असणार, असं म्हणणारा अजून भेटायचा आहे. जीनोमबद्दल बोलताना मात्र शहाणी माणसंही हीच उडी मारतात.

हा घोळ नवा नाही. १८९३ साली जर्मन शरीरशास्त्रज्ञ वीडर्सहाइम यांनी माणसातल्या ८६ अवशेषी अवयवांची यादी केली. पुढे त्यातल्या कितीतरी अवयवांचं काम सापडलं, आणि दरवेळी ‘बघा, उत्क्रांती खोटी’ अशी आरोळी उठली. वस्तुतः मूळ काम गेलेला अवयव दुसऱ्या कामाला उरू शकतो, हे डार्विननं १८५९ सालीच लिहून ठेवलं होतं. तसंच बार्बरा मॅक्लिंटॉक यांचं. मक्याच्या दाण्यांवरच्या ठिपक्यांवरून त्यांनी जागा बदलणारे घटक ओळखले, १९५० साली ते छापलं, दुर्लक्ष सोसलं आणि १९८३ साली नोबेल मिळवलं. ही कहाणी ‘शास्त्रज्ञांनी खजिन्याला कचरा म्हटलं’ अशी सांगितली जाते. नोबेल मिळालं ते हे घटक जागा बदलतात या शोधाला. सगळा विकास त्यांच्याच नियंत्रणाखाली चालतो, ही मॅक्लिंटॉक यांची व्यापक कल्पना त्या रूपात टिकली नाही. मोठ्या शास्त्रज्ञाचं एक म्हणणं बरोबर ठरलं म्हणून त्यांचं प्रत्येक म्हणणं पदरात घ्यायची गरज नसते.

स्थानिक अभिमानापोटी होणारी एक चूकही सांगायला हवी. खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्यात, बारापेडेच्या गुहांत राहणारं रॉटनचं वटवाघूळ १९१३ सालापासून जगाला माहीत आहे. आता कुणीतरी वाचतो की वटवाघळांत डीएनए ट्रान्सपोझॉन (आरएनए प्रत न काढता थेट डीएनएच्या रूपात जागा बदलणारे) अलीकडेपर्यंत जागे होते, तर माकड-माणसांच्या प्राइमेट शाखेत ते ३.७ कोटी वर्षांपूर्वीच थंडावले. आणि लगेच बारापेडेचं वटवाघूळ ‘उड्या मारणाऱ्या जनुकांचा खजिना’ होऊन जातं. तो निष्कर्ष मायोटिससारख्या व्हेस्पर कुळातल्या वटवाघळांवरचा आहे. बारापेडेचं वटवाघूळ मोलोसिडे कुळातलं. एका कुळाचं दुसऱ्याला चिकटवता येत नाही, त्यासाठी त्याचा जीनोम वाचावा लागतो, आणि वाचतानाही फसगत होते. १५० बेसचे छोटे तुकडे वाचून जीनोम जुळवला, तर सहा हजार बेसच्या शेकडो जवळपास सारख्या प्रती एकमेकींवर चढून एकच भासतात आणि ट्रान्सपोझॉनचा आकडा खोटा खाली येतो. माणसाच्याच जीनोमचे असे राहिलेले सुमारे २० कोटी बेस २०२२ साली लांब तुकडे वाचून भरले गेले. जुळवणी झाल्यावर रिपीटमास्कर, म्हणजे असे तुकडे ओळखणारा संगणकीय प्रोग्राम, चालवायचा तो ज्ञात ट्रान्सपोझॉनची कुठली यादी देऊन, हेही महत्त्वाचं. माणसाची यादी बेडकावर लावली तर बेडकाची स्वतःची घराणी दिसणारच नाहीत. आधी त्याच जीनोममधून नवी यादी काढावी लागते आणि मग ती हातानं तपासावी लागते. तरीही फार जुन्या, तीसेक टक्के झिजलेल्या प्रती निसटतातच.

खरं तर अभिमान बाळगायचाच तर खिल्लार बैलाचा बाळगावा. गाईबैलांच्या जीनोममध्ये बोव्ह-बी नावाचा घटक आहे. त्याच्या आधारानं पसरलेले तुकडे धरले तर जीनोमचा सुमारे एक चतुर्थांश भाग त्याच कुळीचा. आणि त्याचे जवळचे नातलग सापडतात कुठे? साप आणि सरड्यांत. आईबापांकडून न येता एका प्राण्यातून दुसऱ्यात तो थेट पोचला असणार, आणि २०१३ साली सरपटणाऱ्या प्राण्यांवरच्या गोचिडांतही तो सापडला. गोठ्यात रोज चिमटीनं काढून फेकतो त्या गोचिडाचे प्राचीन भाऊबंद या कामी वाहक ठरले असावेत, असा संशय रास्त आहे. यात शुद्ध वंशाची कल्पनाही बरीच ढिली होते, पण तो वेगळा लेख.

दहावीच्या वर्गात यातलं काय शिकवावं? माझ्या मते देवमासा आणि पाणघोडा. सस्तन प्राण्यांत अलूसारखे छोटे तुकडे जिथं घुसतात ती जागा कोट्यवधी शक्यतांपैकी एक असते; दोन वेगळ्या शाखांत तोच तुकडा नेमक्या त्याच बेसवर स्वतंत्रपणे बसण्याची शक्यता नगण्य, आणि एकदा बसला की तो स्वच्छ निघूनही जात नाही. जपानी संशोधकांनी १९९७ ते १९९९ या काळात असे तुकडे देवमासा आणि पाणघोड्यात सामाईक दाखवले, जे उंटात आणि डुकरात नव्हते; म्हणजे देवमासा आणि पाणघोडा एकाच पूर्वजाचे. तुकडा उपयोगी आहे की नाही, याच्याशी या पुराव्याला कर्तव्य नाही. अगदी जवळजवळच्या फाट्यांत पूर्वजातच तुकडा काहींत होता, काहींत नव्हता, अशी गफलत होते. म्हणून एका तुकड्यावर न थांबता अनेक बघावे लागतात.

पदवीच्या वर्गांसाठी तर हे हातानं करून बघता येतं. माणसाच्या सोळाव्या गुणसूत्रावर सीडीएच-१३ जनुकाच्या एका इंट्रॉनमध्ये, म्हणजे प्रथिनाच्या कृतीत न येणाऱ्या भागात, पीव्ही-९२ नावाचा अलू आहे. कुणाकडे त्याच्या दोन प्रती, कुणाकडे एक, कुणाकडे एकही नाही. ०.९ टक्के मिठाच्या दहा मिलि पाण्यानं अर्धा मिनिट चूळ भरायची, पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवायच्या, दहा टक्के चिलेक्समध्ये (धातूचे आयन धरून ठेवणारे मणी) दहा मिनिटं ९९ अंशांवर उकळायच्या आणि वरचं पाणी डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या पीसीआरला घालायचं. तीस चक्रं झाली की दोन टक्के अॅगारोजच्या जेलवर पट्ट्या दिसतात: अलू असलेली पट्टी नसलेलीपेक्षा ३०० बेसनं लांब. बिघडतं ते दोन जागी. चिलेक्सचे मणी पिपेटमधून सोबत गेले तर ते मॅग्नेशियम धरून बसतात आणि नक्कल करणारं पॉलिमरेज ठप्प होतं, जेल कोरं. दुसरं, आखूड तुकडा भराभर वाढतो आणि लांब तुकडा मागे पडतो, त्यामुळे एक प्रत असलेला विद्यार्थी एकही नसलेला वाटतो. फिकी वरची पट्टी नीट बघावी लागते. कोण मराठी, कोण कानडी हे या पट्टीवरून ठरत नाही, तेवढं आमच्याकडे आधीच सांगून ठेवलेलं बरं. आणि ज्यांच्याकडे दोन प्रती आहेत त्यांना काय मिळालं, नाही त्यांचं काय अडलं, असा प्रश्न वर्गात कुणी विचारला तर उत्तर दोन शब्दांचं आहे: काही नाही.